कुलमुखत्यारपत्रातलं ‘कुल’ आणि माझी इसार पावती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर हातात आला की मी आधी जाहीर नोटिसा वाचतो, मग बाकीचं. बायको म्हणते रिटायर झाल्यापासून डोकं फिरलंय, पण त्या बारीक अक्षरात आपल्या जिल्ह्यात काय चाललंय ते पहिल्या पानापेक्षा जास्त कळतं बघा. सध्या तर दिवसाआड एक तरी नोटीस असते की अमुक गटाची मिळकत आमच्या अशिलानं मूळ मालकाचे कुलमुखत्यार (म्हणजे मालकानं आपल्या वतीनं कामं करायचा लेखी अधिकार ज्याला दिलाय तो) यांच्याकडून विकत घ्यायचं ठरवलंय, कुणाची हरकत असेल तर चौदा दिवसांत कळवा. आणि मधेच कुठेतरी दुसरी नोटीस, की आमच्या अशिलानं तमुक इसमाला दिलेलं कुलमुखत्यारपत्र रद्द केलंय, त्याच्याशी कुणी व्यवहार करू नये, केल्यास तो आमच्या अशिलावर बंधनकारक नाही. दोन्ही एकाच पानावर बघितल्या की माझ्या पोटात गोळा येतो, कारण मागच्या वर्षी या दोन्हीच्या मधे मी स्वतः अडकलो होतो आणि चूक दुसऱ्या कुणाची नाही, माझीच होती. म्हणून हे पत्र. लांबलं तर काटछाट करा पण मधला कागदाचा भाग काढू नका.

तर झालं असं. सिन्नर तालुक्यात आमची वडिलोपार्जित चार एकर जमीन आहे, वडील गेल्यावर आणि नंतर आई गेल्यावर उताऱ्यावर माझं आणि धाकट्या बहिणीचं अशी दोन नावं राहिली, सामाईक, वाटप नाही. बहीण लग्नानंतर मध्य प्रदेशात, दाजींची नोकरी फिरतीची. प्रत्येक कामाला तिला बोलवायचं म्हणजे तिचे हाल आणि माझं काम लटकलेलं, म्हणून २०१६ ला ती दिवाळीला आली तेव्हा आम्ही तिच्याकडून माझ्या नावानं पॉवर, म्हणजे कुलमुखत्यारपत्रच, करून घेतली. तेव्हा नड होती ती विहिरीवरच्या मोटारीच्या लाईट कनेक्शनची. ऑफिसच्या बाहेर जो टायपिंगवाला बसतो त्याच्याकडे तयार नमुना असतोच, त्यानं नावं, गट नंबर, क्षेत्र भरलं, वर मोठ्या अक्षरात ‘कुलमुखत्यारपत्र’, खाली आमच्या सह्या, दोन साक्षीदार, फोटो, अंगठे. बहिणीनं वाचलं का तर नाही, मी वाचलं का तर मी पण नाही. सही करताना ती एवढंच म्हणाली, दादा लवकर आवर, पोरं उन्हात उभी आहेत.

मग ते दहा वर्षं कपाटात. समृद्धी महामार्ग सिन्नर तालुक्यातून गेला आणि आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय, त्यामुळे नाशिकच्या चारी बाजूंनी जमिनीचे भाव असे काही बोलले जातात की ऐकणाऱ्याला वाटतं आपण येडे आहोत म्हणून अजून कांदे लावतोय. मागच्या वर्षी एक पार्टी आली, ओळखीच्या एजंटामार्फत, माणसं चांगली होती, भाव पण बरा होता. मी भाव ऐकला आणि हुरळलो. बहिणीला नंतर सरप्राईज द्यावं असा विचार केला, खरं सांगतो, वाईट हेतू नव्हता, तिचे पैसे तिला मोजून देणारच होतो. इसार पावती केली, म्हणजे सौदा पक्का म्हणून आगाऊ पैसे घेतल्याचा कागद, दोन लाख घेतले, आणि सही कशी केली तर ‘स्वतःकरिता व बहिणीचे कुलमुखत्यार म्हणून’. एजंट म्हणाला काका तुमच्याकडं जनरल पॉवर आहे ना, मग झालं, जनरल म्हणजे सगळं. मला पण तेच वाटत होतं. कुल म्हणजे सगळं, शब्दातच आहे की.

पार्टीचा वकील हुशार निघाला. वकील म्हणजे बाई होत्या, कोर्टाजवळ ऑफिस. त्यांनी कागद मागितला, चष्मा लावला आणि माझ्यासमोर एकेक कलम मोठ्यानं वाचायला लागल्या. मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं मी काय लिहून घेतलंय ते. कलम एक, तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, भूमी अभिलेख इथं अर्ज देणे, जबाब देणे. कलम दोन, मोजणी करून घेणे, हद्दी कायम करणे. कलम तीन, वीज कनेक्शन घेणे, नावावर करणे, बिलं भरणे. कलम चार, जमीन स्वतः कसणे किंवा खंडाने, वाट्याने देणे. कलम पाच, सोसायटी किंवा बँकेकडून पीक कर्ज घेणे आणि त्यासाठी जमीन तारण गहाण देणे. कलम सहा, कोर्टकचेरी, वकील लावणे. कलम सात, वरील कामांसाठी जे जे करणे जरूर पडेल ते ते सर्व करणे. आणि शेवटी ते नेहमीचं, मुखत्यार यांनी केलेली सर्व कृत्ये मी जातीने केली आहेत असे समजण्यात यावे व ती मला मान्य व कबूल राहतील.

वाचून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, काका यात विक्री हा शब्द कुठंय?

मी म्हणालो कलम सात बघा ना, जे जे करणे जरूर ते ते सर्व. त्या म्हणाल्या ‘वरील कामांसाठी’ असं आहे त्याच्या आधी, आणि वरील कामांमधे विक्री नाही. मी म्हणालो बरं, शेवटचं बघा, मी केलेलं सगळं तिला मान्य आहे. त्या म्हणाल्या अधिकारात राहून केलेलं सगळं मान्य, अधिकाराच्या बाहेरचं नाही, त्या वाक्यानं नवा अधिकार जन्माला येत नाही. मग मी माझ्या मते हुकमाचं पान टाकलं, की मॅडम कलम पाचला मला जमीन गहाण टाकता येते, गहाण टाकता येते तर विकता का येणार नाही, कर्ज बुडालं तर जमीन जातेच की. यावर त्या जरा हसल्या आणि त्यांनी मला केरळची एक केस सांगितली, ती मी नंतर मुलाकडून मोबाईलवर काढून घेऊन दोन रात्री बसून वाचली, इंग्रजी अवघड होतं पण गोष्ट आपल्यासारख्याच घरातली आहे.

ती केस अशी. कोझिकोडकडच्या दोन बहिणी, वडिलांची जमीन. एकीनं १९७१ ला दुसरीला जनरल पॉवर दिली. १९८५ ला ती रद्द केली. पण मधल्या काळात मुखत्यार बहिणीनं जमीन दुसऱ्यांना लिहून दिलेली होती. पॉवर देणारीनं वाटपाचा दावा लावला आणि खालच्या कोर्टात, हायकोर्टात असं होत होत ते सुप्रीम कोर्टात गेलं, निकाल लागला २०२२ च्या एप्रिलमधे. म्हणजे सही १९७१ ची आणि निकाल २०२२ चा, हिशोब तुम्हीच करा. त्या कागदात पण भाड्यानं देण्याचा, कर्जासाठी तारण देण्याचा असे अधिकार होते, विकण्याचा स्पष्ट नव्हता. कोर्टानं सांगितलं की विक्रीचा अधिकार कागदावर स्पष्ट लागतो, बाकीच्या अधिकारांवरून तो ओढूनताणून काढता येत नाही. आणि ज्यांनी विकत घेतली त्यांना जे सांगितलं ते मला जास्त लागलं, की तुम्ही मुखत्यारपत्र मागून वाचलं असतं तर तुम्हालाही कळलं असतं. ज्याच्याकडं जे नाही ते तो दुसऱ्याला देऊ शकत नाही, संपलं.

त्याच्या आधीची २०१२ ची एक आहे, चेन्नईच्या एका ट्रस्टच्या जमिनीची. तिच्यात कोर्टानं आणखी बारीक सांगितलंय, की मुखत्याराला खरेदीखत लिहून देण्याचा, ते नोंदणीसाठी हजर करण्याचा आणि रजिस्ट्रारसमोर कबुली देण्याचा अधिकार स्पष्ट दिलेला असला पाहिजे. तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. मालकानं स्वतः खरेदीखतावर सही करून फक्त ऑफिसात हजर राहायला कुणाला पाठवलं तर तो वेगळा कागद, आणि मालकाच्या वतीनं सहीच करायची तर तो वेगळा. आपल्याकडं सगळ्याला एकच शब्द, पॉवर दिलीये.

पत्राचा मुद्दा खरं तर एवढाच. मुखत्यारपत्रावर जमीन विकता येते का असं कुणी विचारलं की आपल्याकडं दोनच उत्तरं मिळतात. चहाच्या टपरीवर मिळतं ते म्हणजे हो, जनरल असेल तर सगळं येतं. आणि ज्याचे कधी हात पोळलेत तो म्हणतो अजिबात नाही, सुप्रीम कोर्टानं पॉवरवरचे व्यवहार बंद केलेत. दोन्ही चूक. कागदात विक्रीचा अधिकार स्पष्ट असेल, कागद रीतसर असेल, देणारा जिवंत असेल आणि त्यानं तो काढून घेतलेला नसेल तर मुखत्यार मालकाच्या वतीनं खरेदीखत करून देऊ शकतो, शंभर टक्के. विकणारा मालकच असतो, सही फक्त मुखत्याराची.

आणि ते सुप्रीम कोर्टानं बंद केलं म्हणतात ते २०११ चं, ऑक्टोबरमधला सूरज लॅम्पचा निकाल, हरियाणातला. ते प्रकरण वेगळं होतं. तिकडं स्टॅम्प ड्युटी वाचवायला किंवा विकायला बंदी असलेले प्लॉट विकायला लोक खरेदीखतच करत नव्हते, साठेखत (पुढं विकतो असा नुसता करार) करायचं, पॉवर घ्यायची, वर मृत्युपत्र लिहून घ्यायचं आणि त्या तीन कागदांवर म्हणायचं जागा माझी झाली. कोर्टानं सांगितलं अशी जागा कुणाची होत नाही, मालकी फक्त नोंदवलेल्या खरेदीखतानंच जाते. पण त्याच निकालात हे पण आहे की एखाद्यानं खरोखरच आपल्या मुलाला, भावाला, बहिणीला, नवऱ्याला किंवा बायकोला व्यवहार बघायला किंवा खरेदीखत करून द्यायला मुखत्यारपत्र दिलं तर त्याला धक्का लागत नाही. हे दुसरं वाक्य कुणी सांगत नाही. नाशिकमधे पण गुंठेवारीत असे लोक भेटतात जे सांगतात मी ‘पॉवरवर घेतलाय’ प्लॉट. त्यांना म्हणावं बाबा पॉवरवर घेत नाहीत, पॉवर ही देणाऱ्याची राहते, तू फक्त त्याचा माणूस.

त्यातून ‘देणारा जिवंत’ हे जे मी वर म्हणालो ते फार कमी लोकांना माहितेय. देणारा वारला की मुखत्यारपत्र त्याच्याबरोबर गेलं, १८७२ च्या करार कायद्यात ते स्पष्टच आहे. अपवाद फक्त एक, मुखत्याराचा स्वतःचाच त्या मिळकतीत हितसंबंध गुंतलेला असेल तर, उदाहरणार्थ त्यानं पैसे दिलेत आणि त्यांच्या वसुलीसाठीच तो अधिकार घेतलाय. आता कागदाच्या वर ‘कायमस्वरूपी’ किंवा ‘रद्द न होणारे’ असं टाईप केलं म्हणून तसा हितसंबंध तयार होत नाही. आमच्या गल्लीतच एक गृहस्थ आहेत, वडील वारून दोन वर्षं झालीत आणि हे वडिलांनी दिलेली पॉवर लॅमिनेट करून ठेवून बसलेत. लॅमिनेट! मी म्हणालो दादा वारस नोंद करा आधी. ते म्हणाले कशाला, नोटरी केलेली आहे. नोटरीचा लाल शिक्का बघितला की आपल्याला वाटतं कोर्टानंच मोहर मारली, पण नोटरी एवढंच सांगतो की या माणसानं माझ्यासमोर सही केली. आत काय लिहिलंय आणि त्याचं पुढं काय होणार याचा त्याच्याशी संबंध नाही.

स्टॅम्पचं पण सांगतो कारण त्यात एक गंमत आहे. महाराष्ट्रात मोबदला न घेता आईवडील, भाऊबहीण, नवराबायको, मुलगी, नातवंडं अशा जवळच्या नात्यात विक्रीच्या अधिकाराचं मुखत्यारपत्र केलं तर पाचशे रुपयांचा स्टॅम्प लागतो. पण पैसे घेऊन दिलं, किंवा नात्याबाहेरच्या माणसाला विक्रीचा अधिकार दिला, तर खरेदीखताला लागते तेवढी ड्युटी, बाजारभावावर. त्यामुळे काही एजंट लोक काय करतात तर कागद मुद्दाम गोल गोल लिहितात, ‘मिळकतीबाबत सर्व प्रकारचे व्यवहार करणे’ असं, म्हणजे ड्युटीच्या वेळी म्हणायचं यात विक्री कुठंय आणि विकायच्या वेळी म्हणायचं सर्व प्रकारचे व्यवहार म्हणजे विक्री आलीच. वकील मॅडमच्या मते असं दोन्ही दरडीवर पाय ठेवलेलं मुखत्यारपत्र सगळ्यात धोक्याचं, कारण कोर्ट असा कागद वाचताना हात आखडूनच वाचतं, आणि पैसे मात्र घेणाऱ्याचे अडकतात.

असो, माझ्या गोष्टीवर येतो. मॅडमनी सरळ सांगितलं, तुमचा स्वतःचा हिस्सा तुम्ही विका, बहिणीचा तुम्हाला विकता येणार नाही, तिला बोलवा किंवा तिच्याकडून नवीन कागद आणा. पार्टीनं फोन लावला तर, आणि हे मला फार लागलं, मला नाही थेट बहिणीलाच लावला, नंबर एजंटानं कुठून मिळवला देव जाणे. तिला सगळं परक्या माणसाकडून कळलं. रात्री तिचा मला फोन. रडली नाही, चिडली पण नाही, एकच म्हणाली, दादा मी सही दिली होती ती मोटारीच्या लाईटसाठी. पुढं कितीतरी वेळ आम्ही दोघं काही बोललोच नाही, लाईन चालू होती, मागे त्यांच्या टीव्हीचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी दोन लाख परत केले आणि पावतीवर रद्द असं लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. पार्टी कुरकुरली, त्यांचा पण वेळ गेला होता, पण ती माणसं बरी म्हणून भागलं. एजंट अजून बोलत नाही माझ्याशी, ते चांगलंच झालं.

आता समजा पार्टीवाले वकील मॅडमकडं गेलेच नसते तर? हा प्रश्न मला झोपू देत नव्हता म्हणून मी एक दिवस उठून सब रजिस्ट्रार ऑफिसात जाऊन बसलो, नुसता बघत. मुखत्यार जेव्हा खरेदीखत करायला येतो तेव्हा त्याच्याकडून एक घोषणापत्र घेतात, तुम्ही बघितलं असेल, छापील असतं. त्यात तो लिहून देतो की लिहून देणाऱ्यानं हे कुलमुखत्यारपत्र रद्द केलेलं नाही, देणाऱ्यांपैकी कुणी मयत नाही, कागद पूर्णपणे वैध आहे आणि ही कृती करायला मी पूर्णतः सक्षम आहे, आणि हे खोटं निघालं तर नोंदणी कायदा १९०८ च्या कलम ८२ खाली मी शिक्षेस पात्र राहीन. ही शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. चांगली गोष्ट आहे. पण बघा, मला कुणी ते घोषणापत्र पुढं केलं असतं तर मी आनंदानं सही केली असती, कारण त्यातलं मला खोटं काहीच वाटलं नसतं. बहीण जिवंत, पॉवर रद्द नाही, कागद खरा, आणि सक्षम तर मी स्वतःला समजतच होतो! माझ्यासारख्या मूर्खाला त्या कागदात कुठंच अडवलेलं नाही. तो कागद लबाडासाठी आहे, आणि लबाड सात वर्षांना घाबरत नाही, तो आधीच पुढच्या तालुक्यात असतो.

कायद्यात रजिस्ट्रारला हे पण सांगितलंय की मालकाच्या वतीनं कुणी मुखत्यार म्हणून आला तर त्याला तसं हजर राहायचा हक्क आहे का याची खात्री करून घ्यावी, ते कलम ३४ मधे आहे. पण मी ज्या दिवशी बसलो होतो त्या दिवशी टोकनवर टोकन, सर्व्हर मधेच बसलेला, बाहेर लोक अंगठा द्यायला ताटकळलेले, त्यात तिथला साहेब सात पानांचं मुखत्यारपत्र कलमाकलमानं कधी वाचणार? मी त्याला दोष देत नाही. पण घेणारा मात्र समजतो की सरकारी ऑफिसात दस्त झाला, फोटो निघाले, इंडेक्स टू (दस्त नोंदवल्याचा सरकारी उतारा) आला, म्हणजे सरकारनं तपासलं.

मग पुढं फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलायची नोंद. तिथं एक जागा आहे जिथं गाडी थांबू शकते. नोंद धरली की हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, हरकत आली तर ती तक्रारी नोंद होते आणि सुनावणी लागते. पण नोटीस जाते कुठं तर उताऱ्याच्या जुन्या पत्त्यावर, म्हणजे आमच्या केसमधे गावातल्या घरी, आणि गावातल्या घरी राहतो कोण तर कुणीच नाही, किल्ली माझ्याकडं. म्हणजे बहिणीची नोटीस पण मलाच मिळाली असती. आता आपली चावडी म्हणून सरकारची वेबसाईट आहे, जिल्हा तालुका गाव टाकलं की गावात कुठले फेरफार नोटिशीवर आहेत ते फुकट दिसतं. ज्यांनी कुणाला पॉवर देऊन ठेवलीये आणि स्वतः बाहेरगावी आहेत त्यांनी महिन्यातनं एकदा तरी बघावं, पाच मिनिटं लागतात. आणि नोंद मंजूर झाली म्हणून आभाळ कोसळत नाही, फेरफार म्हणजे मालकी नाही, सातबारा महसुलासाठी असतो, हे पण कोर्टांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. पण मग दिवाणी दावा, खरेदीखत रद्द करायला कळल्यापासून तीन वर्षांची मुदत, आणि पुढं ती केरळची गोष्ट आहेच.

म्हणून तुमच्या पेपरातर्फे पुण्याच्या नोंदणी महानिरीक्षक ऑफिसला माझं एकच म्हणणं आहे, खर्च काहीच नाही. त्या घोषणापत्रात एक ओळ वाढवा. ‘विक्रीचा अधिकार मुखत्यारपत्राच्या कलम क्रमांक ____ मधे असून त्यातील मजकूर पुढीलप्रमाणे’ आणि खाली दोन ओळी रिकाम्या, त्या मुखत्यारानं स्वतःच्या हातानं भरायच्या. बस. माझ्यासारख्या माणसाला तो आकडा शोधायला कागद उघडावाच लागला असता, एक ते सात सगळं वाचावं लागलं असतं, आणि तिथंच माझा पेन थांबला असता. लबाड खोटा आकडा टाकेल, टाकू दे, पण मग तो स्वतःच्या अक्षरात अडकेल, आणि घेणारा पण तो आकडा बघून एकदा तरी पान उलटेल. आणि जमलं तर दस्ताच्या दिवशी मूळ मालकाच्या मोबाईलवर एक मेसेज जाऊ द्या, की तुमच्या वतीनं आज अमुक गटाचा दस्त नोंदवला गेला. गॅसचा नंबर लावला तरी मेसेज येतो हो आपल्याला, जमीन गेली तर यायला काय हरकत आहे.

घेणाऱ्यांना काय सांगू, मी काही वकील नाही. मुखत्याराकडून घेताय तर कागदाची सर्टिफाईड कॉपी स्वतः काढा, एजंटानं दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. देणाऱ्याशी एकदा व्हिडिओ कॉल करा, काय जातंय. परदेशातल्या माणसानं तिकडून पाठवलेली पॉवर असेल तर ती तिकडच्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत केलेली आहे का आणि इथं आल्यापासून तीन महिन्यांत तिच्यावर स्टॅम्प लागलाय का ते बघा. पैसे मालकाच्या खात्यात टाका. मुखत्यार म्हणाला माझ्या खात्यात टाका तर तिथंच चहा संपवून उठा. आणि मुखत्यारच जर स्वतःच्या बायकोच्या किंवा मेव्हण्याच्या नावावर घेत असेल तर ते आणखी वेगळं लफडं, मालकाला सगळं उघड सांगून त्याची संमती घेतलेली नसेल तर मालक तो व्यवहार मोडू शकतो.

बहीण परवा भाऊबीजेला आली होती. ओवाळलं, जेवण झालं आणि मग स्वतःच म्हणाली दादा तो कागद काढ. टेबलावर बसून तिनं चष्मा लावून सगळा वाचला, दहा वर्षांनी. मी म्हणालो अगं रद्दच करून टाकू, ती म्हणाली नको, तुला मोजणीला, तलाठ्याकडं लागेल, नवीन करू पण मी सांगते तसं. दुसऱ्या दिवशी आम्ही जाऊन जुन्याचा रद्दलेख नोंदवला आणि नवीन केलं, टायपिंगवाला तोच, तो म्हणाला ताई नमुना तयार आहे, ती म्हणाली नमुना राहू द्या, मी बोलते तुम्ही टाईप करा. तिनं त्यात घालायला लावलं की विक्री, बक्षीस, हक्कसोड, अदलाबदल, साठेखत, इसार यांचा कोणताही अधिकार या मुखत्यारपत्रानं दिलेला नाही. इसार म्हणताना माझ्याकडं बघितलं. गहाणाचं कलम काढून टाकलं. लाईट कनेक्शनचं तेवढं ठेवलं.

आपला,
जाहीर नोटिसा वाचणारा एक वाचक,
पंचवटी, नाशिक